प्राण्यांवरचे प्रयोग आणि खुलं परीक्षण: उंदीर संपल्यावर विचारलेले प्रश्न कुणाच्या कामाचे?

मुळामुठा

नमस्कार मंडळी,

जून २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या जर्नलनं जाहीर केलं की यापुढे त्यांच्याकडे येणारं कुठलंही नवं संशोधन छापलं गेलं, तर सोबत रिव्ह्यूअरांचे, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या दुसऱ्या शास्त्रज्ञांचे, अभिप्राय आणि लेखकांनी दिलेली उत्तरंही छापली जातील. २०२० पासून ते लेखकाच्या मर्जीवर होतं, आता सगळ्यांनाच लागू. 'बीएमजे' हे २०१४ पासून करतंय, 'एम्बो जर्नल' २००९ पासून. 'ईलाइफ' त्याही पुढं गेलं. २०२३ पासून तिथं परीक्षणानंतर स्वीकार किंवा नकार असं काही उरलेलंच नाही. परीक्षणाला घेतलेला पेपर अभिप्रायांसकट लोकांसमोर ठेवतात.

मी औषधशास्त्रात काम करते. उंदरांवरचे पेपर लिहिणं आणि दुसऱ्यांचे तपासणं दोन्ही रोजचंच. हे छापलेले अभिप्राय मी मुळापासून वाचते, कारण पेपरात जे दिसत नाही ते तिथं दिसतं. पेपरात सुबक आलेख असतो आणि खाली बारीक अक्षरात 'एन = ६ ते १०' असं असतं. अभिप्रायात कुणीतरी विचारलेलं असतं की एका गटात सहा आणि दुसऱ्यात दहा असं का? सुरुवातीला सगळीकडे दहाच होते का? मग चार गेले कुठं? मेले, आजारी पडले, की त्यांचे आकडे बाकीच्यांशी जुळेनात म्हणून वगळले? हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण सगळा निष्कर्ष त्यावर उभा असतो. २०१६ साली 'प्लॉस बायॉलॉजी'त पक्षाघात आणि कर्करोगावरचे १०० पेपर तपासून काहींनी दाखवलं होतं की निम्म्याहून जास्त प्रयोगांत सुरुवातीला किती प्राणी होते आणि शेवटी किती उरले याचा ताळा पेपरवरून लागतच नाही. दोन-तीन प्राणी सोयीनं गळले तरी निकाल फिरू शकतो.

फिरलेल्या निकालाचं पुढं काय होतं, त्याचं एक उदाहरण देते. एएलएस हा मज्जातंतूंचा आजार, स्टीफन हॉकिंग यांना होता तो. मिनोसायक्लिन हे जुनं, साधं अँटिबायोटिक. २००२ च्या सुमारास उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की या औषधानं एएलएसचे उंदीर जास्त दिवस जगतात. त्या जोरावर अमेरिकेत ४१२ रुग्णांवर चाचणी झाली. २००७ साली निकाल आला. औषध घेतलेल्या रुग्णांची तब्येत, न घेतलेल्यांच्या तुलनेत, २५ टक्के जास्त वेगानं ढासळली होती. उपयोग झाला नाही एवढ्यावर भागलं नाही, अपाय झाला.

पुढच्याच वर्षी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या एका संस्थेनं आपला लेखाजोखा मांडला. त्याच वाणाच्या उंदरांवर त्यांनी ७० हून जास्त औषधं तपासली होती, २२१ प्रयोग, १८,००० उंदीर. एकही औषध लागू पडलं नाही. आधी गाजलेली औषधंसुद्धा त्यात होती. कारणं त्यांनी शोधली ती अगदी घरगुती निघाली. या वाणात मादी नरापेक्षा जास्त जगते. एका वेतातली पिल्लं सारखी वागतात. काही उंदरांत आजार आणणाऱ्या दोषी जनुकाच्या प्रती आपोआप कमी होतात आणि ते औषधाशिवायही टिकतात. काही उंदीर भलत्याच कारणानं मरतात आणि तेही हिशेबात धरले जातात. हे सांभाळलं नाही आणि गट लहान ठेवले, की निव्वळ योगायोग औषधासारखा दिसायला लागतो.

आता माझं म्हणणं. छापलेल्या अभिप्रायांचं मी मनापासून स्वागत करते. पण पेपर परीक्षणाला येतो तेव्हा उंदीर संपलेले असतात. 'गट सोडत काढून का पाडले नाहीत', 'मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे माहीत होतं का' असं रिव्ह्यूअरनं कितीही नेमकं विचारलं, तरी लेखक फार तर 'मर्यादा' या मथळ्याखाली एक वाक्य घालतो. चुकलेला प्रयोग तिथं दुरुस्त होत नाही आणि गेलेला जीव वाया जातो तो जातोच. प्राण्यांच्या बाबतीत परीक्षण दोनदा हवं आणि दोन्ही वेळा उघड हवं. पहिलं, पिंजऱ्यात पहिला उंदीर यायच्या आत.

इथं पशुवैद्य आहेत, पीएचडी करणारे आहेत, प्राण्यांसाठी काम करणारेही आहेत. मोकळेपणानं लिहा.

---

सांजवारा

वाचतेय. माझा विषय नाही हा, पण वडिलांना पक्षाघात झाला तेव्हापासून 'उंदरांवर यशस्वी' अशी बातमी आली की मी हातातलं काम टाकून वाचते. म्हणून विचारते, खुलं परीक्षण म्हणजे परीक्षकाचं नावही कळतं का? की फक्त त्यानं काय लिहिलं ते?

---

मुळामुठा

सांजवारा, दोन्ही प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. अभिप्राय छापणं वेगळं, नाव छापणं वेगळं. 'नेचर'मध्ये अभिप्राय छापतात, नाव परीक्षकाच्या इच्छेवर. 'बीएमजे'त १९९९ पासून परीक्षक सही करतो, लेखकाला नाव कळतं. 'एफ१०००रिसर्च'वर पेपर आधी प्रसिद्ध होतो आणि मग परीक्षक नावानिशी सांगतात की मान्य, काही शंकांसह मान्य, किंवा अमान्य. तिथं हे सगळं पेपरशेजारीच कुणालाही वाचता येतं, पैसे पडत नाहीत.

वडिलांची तब्येत आता कशी आहे? पक्षाघाताच्या औषधांचा इतिहास याच विषयातला आहे, कुणी आकडेशास्त्रवाले इथं असतील तर लिहितील. नाहीतर मी लिहीन.

---

आकडेमोड

मी लिहितो.

पक्षाघातावर एनएक्सवाय-०५९ नावाचं औषध होतं. प्राण्यांत झकास निकाल. माणसांवरची पहिली मोठी चाचणी २००६ साली आशादायक निघाली, दुसरी ३,००० हून जास्त रुग्णांवर झाली आणि २००७ साली औषध सपशेल पडलं. त्यानंतर एडिनबरोच्या गटानं प्राण्यांवरचे सगळे प्रयोग एकत्र करून पुन्हा मोजले. ज्या प्रयोगांत सोडत काढून गट पाडले होते तिथं फायदा सुमारे २० टक्के. जिथं तसं केलं नव्हतं तिथं सुमारे ५३ टक्के. औषध एकच, आजार एकच. फरक होता तो प्रयोगातल्या शिस्तीचा.

सोडत म्हणजे काय हे ज्यांनी अ‍ॅनिमल हाउस पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिंजऱ्यात हात घातला की आधी हाताला लागतो तो मंद, सुस्त, किंवा आजारी उंदीर. चपळ उंदीर कोपऱ्यात पळतो. पहिले सहा 'कंट्रोल' (म्हणजे औषध न देता तुलनेसाठी ठेवलेले) आणि नंतरचे सहा 'औषध' असं केलं, तर औषधाच्या गटात आपोआप तगडे उंदीर गेले. कुणीही लबाडी केलेली नाही, तरी निकाल कलला. म्हणून आधी प्रत्येकाला नंबर द्यायचा आणि गट संगणकावर पाडायचे. दहा मिनिटांचं काम आहे.

२००९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या सरकारी पैशावर झालेल्या प्रयोगांचे २७१ पेपर तपासले गेले. ८७ टक्के पेपरांत सोडतीचा उल्लेख नाही, ८६ टक्क्यांत मोजणाऱ्याला गट माहीत नसल्याचा उल्लेख नाही. त्यातूनच २०१० साली 'अराइव्ह' नावाची मार्गदर्शक सूची आली, पेपरात काय काय लिहिलंच पाहिजे याची. २०२० मध्ये ती सुधारली आणि त्यातल्या दहा बाबी अत्यावश्यक ठरवल्या.

आता मुळामुठाताईंशी थोडा मतभेद. खुल्या परीक्षणानं दर्जा सुधारतो याचा पुरावा तितका भक्कम नाही. 'बीएमजे'नं स्वतः प्रयोग केला होता, १९९९ साली छापलाय. परीक्षकाला सांगितलं की तुझं नाव लेखकाला कळेल. अभिप्रायाच्या दर्जात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, परीक्षणाला नकार देणारे मात्र वाढले. दुसरीकडे २००० सालच्या ब्रिटिश मानसोपचारशास्त्राच्या जर्नलमधल्या अशाच प्रयोगात सही केलेले अभिप्राय जास्त चांगले आणि जास्त सभ्य निघाले. म्हणजे पारडं कुठंच पुरतं झुकत नाही.

आणि नुसत्या सूचीनंही होत नाही. 'प्लॉस वन'कडे आलेल्या १,६८९ पेपरांवर सोडत काढून चाचणी झाली. निम्म्या लेखकांना सांगितलं की अराइव्हची यादी भरून द्या. २०१९ चा निकाल असा की दोन्हींपैकी एकाही गटात, एकाही पेपरनं सगळ्या बाबी पाळल्या नव्हत्या. यादी भरली गेली, पेपर होता तसाच राहिला.

---

परागकण

आकडेमोड सर, शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं, कारण हे आम्ही रोज बघतो. यादीत प्रत्येक बाबीसमोर पान नंबर टाकायचा असतो. त्या पानावर ती गोष्ट खरंच आहे का हे उघडून कुणी पाहत नाही.

मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे, गाइडच्या नावानं येणारे पेपर बरेचदा मीच तपासते. (हे सगळीकडे चालतं, पण यावर कुणी बोलत नाही. खुल्या परीक्षणाचा एक फायदा म्हणजे काम केलेल्याचं नाव तरी खाली यावं.) पण मला नावानिशी सही करायची भीती वाटते आणि ती भीती मी लपवणार नाही. आमचं क्षेत्र भारतात एवढंसं आहे. आज ज्यांच्या पेपरवर मी 'नमुना अपुरा आहे, प्रयोग परत करावा' असं लिहिलं, तेच उद्या माझ्या व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक म्हणून येणार, परवा नोकरीच्या मुलाखतीला समोर बसणार. असं एका ओळखीच्या मुलीच्या बाबतीत घडलेलं आहे. कुठं ते लिहीत नाही.

अभिप्राय छापा, हजार वेळा छापा. नावाची सक्ती नको.

---

मुळामुठा

परागकण, शंभर टक्के मान्य. तुझ्या बाजूनं एक आकडाही आहे. एका मोठ्या प्रकाशकाच्या पाच जर्नल्सनी अभिप्राय छापायला सुरुवात केली आणि नाव द्यायचं की नाही हे परीक्षकावर सोडलं. २०१९ मध्ये त्याचं विश्लेषण आलं. नाव उघड करायला तयार झाले अवघे ८.१ टक्के. अभिप्राय छापले जाणार हे कळल्यामुळे मात्र लोकांनी परीक्षण करायचं सोडलं नाही. मला यातून एवढंच दिसतं की छापणं परवडतं, सक्तीची सही परवडत नाही.

आकडेमोड, तुमचा मुद्दा मी वेगळ्या बाजूनं घेते. तुम्ही अभिप्रायाचा दर्जा मोजताय. मला अभिप्राय उघड हवा आहे तो पुढच्या माणसासाठी. पुण्यात बसून एखादी मुलगी तोच प्रयोग पुढं न्यायला निघते. तिला जर कळलं की तीन परीक्षकांपैकी दोघांनी त्यातल्या वेदनेच्या मोजमापावर शंका घेतली होती, तर ती त्याच खड्ड्यात पडणार नाही. तिच्या प्रयोगातले प्राणी वाचतील. बंद पाकिटातला अभिप्राय हे काम करूच शकत नाही.

---

भूतदया

इथं सगळे 'प्रयोग नीट कसा करावा' यावर बोलताय. मी रस्त्यावरच्या आणि प्रयोगशाळेतून सुटलेल्या कुत्र्यांसाठी काम करतो. माझा प्रश्न आधीचा आहे. करावाच का? १८,००० उंदीर मारून कळलं की आधीचे प्रयोग चुकीचे होते. मग त्या आधीच्या उंदरांचं काय? शिस्त लावून हिंसा शुद्ध होते का?

मला कुणावर राग काढायचा नाही. पण तुमच्या समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात आणि बाहेरच्या माणसाला एक कागद दिसत नाही. परीक्षण खुलं करायचं म्हणता, मग ते दारसुद्धा उघडा.

---

वैद्य_गुरांचे

भूतदया, मी पशुवैद्य आहे, एका संस्थेच्या प्राणीगृहाचं काम बघतो आणि त्यांच्या आयएईसीवर, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या नीतिसमितीवर आहे. तुमच्या प्रश्नाला टाळणारं उत्तर देणार नाही.

करावाच का, हा प्रश्न कायद्यातच आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याच्या १७ व्या कलमात म्हटलंय की टाळता येईल तिथं प्रयोग टाळावा, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, आणि निव्वळ हात बसावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नये. त्याच्या आदल्या वर्षी, १९५९ मध्ये, रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज संशोधकांनी तीन तत्त्वं मांडली होती. पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा. आमच्या समितीत आठ जण असतात. त्यात एक बाहेरच्या संस्थेतला शास्त्रज्ञ, एक शास्त्रज्ञ नसलेला समाजातला माणूस, एक केंद्रीय समितीनं नेमलेला, आणि एक माझ्यासारखा पशुवैद्य. यादी कागदावर उत्तम आहे.

आता प्रत्यक्ष. फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीसाठी संशोधकानं समितीकडे करायचा अर्ज, येतो. त्यात प्राण्यांच्या संख्येचं समर्थन विचारलेलं असतं. उत्तर बहुतेकदा असं, 'प्रति गट ६, पूर्वीच्या पेपरांनुसार.' पूर्वीच्या पेपरात ६ का होते? त्याच्या पूर्वीच्या पेपरात होते म्हणून. मी विचारतो, किती फरक शोधायचाय, तो सहात दिसेल का? न दिसणारा असेल तर सहाही उंदीर फुकट गेले आणि बारा घेतले असते तर कदाचित कामी आले असते. संख्या कमी करणं म्हणजे आंधळेपणानं छाटणं नव्हे, हे समित्यांवरच्या माणसांनाही पटवावं लागतं.

काही गोष्टी तर पेपरात कधीच येत नाहीत. उंदीर शेपटीनं उचलायचा ही सगळ्यांची सवय. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की शेपटीनं उचललेला उंदीर माणसाच्या हाताला घाबरतो आणि त्याची अस्वस्थता मोजमापात उतरते. तोच उंदीर नळीत शिरू दिला किंवा ओंजळीत घेतला तर निवांत राहतो. आमच्याकडे मी प्रत्येक पिंजऱ्यात प्लास्टिकची नळी ठेवायला लावली. सुरुवातीला पिंजरे धुणाऱ्या मामांनी कुरकुर केली, नळ्याही धुवाव्या लागतात. आता तेच नव्या पोरांना दाखवतात. नळी पिंजऱ्यात आडवी ठेव, उंदराला तिच्याकडे हळूच वळव, आत शिरला की दोन्ही टोकांवर हात धरून उचल. उंदीर ओरडत नाही, लघवी करत नाही. रॅकच्या वरच्या कप्प्यात दिवा जवळ असतो, पांढऱ्या उंदरांच्या डोळ्यांना तो सोसत नाही. मग सगळा 'औषधाचा' गट वर आणि 'कंट्रोल' खाली ठेवला तर काय मोजणार? औषध की दिवा?

२०१४ मध्ये कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात दिसलं की खोलीत पुरुष असेल तर उंदरांना ताण येतो आणि त्यापायी वेदना कमी दिसते. बाई असेल तर नाही. पुरुषानं वापरलेला टीशर्ट ठेवला तरी तेच. आता सांगा, वेदनाशामकावरच्या किती पेपरांत लिहिलेलं असतं की इंजेक्शन कुणी दिलं?

तुमच्या दाराच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे.

---

सांजवारा

डॉक्टर, टीशर्टचं खरंच माहीत नव्हतं! मग एकाच गोष्टीवर दोन प्रयोगशाळांची उत्तरं वेगळी येत असतील तर नवल नाही.

---

आकडेमोड

येतातच. १९९९ मध्ये 'सायन्स'मध्ये छापलेला प्रयोग आहे. ऑल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड, अमेरिका-कॅनडातली तीन शहरं. तिन्ही ठिकाणी उंदरांचे तेच वाण, तीच उपकरणं, त्याच चाचण्या, शक्य तितकं सगळं सारखं. तरी काही वागणुकींत तीन ठिकाणी तीन निकाल. म्हणून एकाच खोलीतल्या एका आलेखावरून औषध माणसाकडे नेणं धोक्याचं.

---

टेम्सकाठ

उशिरा आले धाग्यावर. मी मूळची डोंबिवलीची, इंग्लंडमध्ये एका विद्यापीठाच्या प्राणी विभागात काम करते. भूतदयांनी दाराबद्दल लिहिलंय म्हणून इथली पद्धत सांगते.

युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशात असं आहे की परवानगी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाचा साध्या भाषेतला गोषवारा प्रसिद्ध करायचा. कशासाठी, कुठले प्राणी, किती, त्यांना काय सोसावं लागेल, पर्याय का चालत नाही. त्यात संस्थेचं किंवा माणसांचं नाव घालायचं नाही असंही तिथंच लिहिलंय. परागकणची भीती आणि भूतदयांची मागणी, दोन्हींची सोय त्यात आहे. ब्रिटन संघातून बाहेर पडलं तरी गोषवारे प्रसिद्ध करणं चालू आहे. शिवाय माकडांवरच्या आणि तीव्र यातनेच्या प्रयोगांची नंतर परत तपासणी करावी लागते. ठरवलेलं साधलं का, प्राण्यांना खरोखर किती त्रास झाला, पुढच्या वेळी काय बदलता येईल.

अडचणीही सांगते. गोषवारे कधीकधी इतके मोघम लिहितात की वाचून काही हाती लागत नाही. आणि इथं संशोधकांच्या घरांवर हल्ले झालेले आहेत, त्या आठवणी जुन्या माणसांच्या मनात अजून आहेत. त्या सगळ्यातून जाऊनही २०१४ मध्ये इथल्या अनेक विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी प्राण्यांवरच्या कामाबद्दल स्वतःहून बोलायचा करार केला. आमच्या विभागात आता शाळेची मुलं येतात, पिंजरे बघतात, नको ते प्रश्न विचारतात. मला ते प्रश्न आवडतात.

---

भूतदया

टेम्सकाठ, धन्यवाद. निनावी गोषवारा, हे मला चालेल. माझी लढाई नावांशी नाहीच.

आपल्याकडचं एक आठवलं. २०२० मध्ये कोव्हॅक्सिनच्या वेळी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसाठी राज्य सरकारनं ३० माकडं पकडायला परवानगी दिली, ती नागपूरकडून आणली. तेव्हा आम्ही विरोध केला होता.

---

मुळामुठा

भूतदया, त्या प्रयोगाचा पेपर मार्च २०२१ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'ला आला, कुणालाही फुकट वाचता येतो. २० माकडं, पाच-पाचचे चार गट, एकाला लस नाही, तिघांना तीन वेगवेगळे नमुने, मग विषाणूचा संसर्ग देऊन कुणाचं रक्षण होतं ते पाहिलं. तुम्ही विरोध केलात त्याचा मी मान राखते. माझं मत असं की महामारीत तो प्रयोग आवश्यक होता. पण किती माकडं, का तितकी, आणि प्रयोगानंतर त्यांचं काय, हे लोकांना आधी मराठीत सांगितलं असतं तर तुमच्याशी बोलणं निराळ्या पायरीवरून सुरू झालं असतं.

आधीच्या परीक्षणाबद्दल मी सुरुवातीला म्हटलं होतं, ते कसं दिसतं याचाही नमुना आहे. कर्करोगावरचे गाजलेले प्रयोग पुन्हा करून बघायचा एक मोठा प्रकल्प २०१३ ते २०२१ चालला. पद्धत अशी की आधी प्रयोगाचा आराखडा लिहायचा, तो 'ईलाइफ'मध्ये परीक्षकांनी तपासायचा, आराखडाच छापायचा, आणि मग हात लावायचा. ५३ पेपरांतले १९३ प्रयोग करायचे होते. १९३ पैकी एकाचंही वर्णन मूळ पेपरात इतकं पुरेसं नव्हतं की लेखकांना न विचारता आराखडा करता यावा. शेवटी २३ पेपरांतले ५० प्रयोग झाले आणि परिणाम मूळच्यापेक्षा, मध्यक (रांगेतला मधला आकडा) धरला तर, ८५ टक्के लहान निघाले. यातल्या पुष्कळ प्रयोगांत उंदरांत गाठ वाढवून बघायची होती.

माझ्या दृष्टीनं खरी मेख इथं आहे. आराखडा आधी तपासला गेला की 'सोडत काढा' हे वाक्य कामाचं ठरतं, कारण तेव्हा ती काढता येते. आणि निकाल काहीही आला तरी पेपर छापला जाणार हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे नको असलेले उंदीर हिशेबातून गाळायचा मोहच राहत नाही. आपल्याकडे तर यासाठी नवी यंत्रणाही उभारायला नको. आयएईसी प्रयोगाच्या आधी बसतेच. तिच्यापुढचा फॉर्म बी जर प्रयोगाचा खरा आराखडा झाला आणि पेपरासोबत छापला गेला, तर 'ठरवलं काय होतं आणि केलं काय' हे कुणीही शेजारी ठेवून बघेल. प्राण्यांवरच्या प्रयोगांची आगाऊ नोंद करायच्या याद्या २०१८-१९ पासून नेदरलँड्स आणि जर्मनीत सुरू झाल्या आहेत. जगातून कुणीही नोंद करू शकतं.

---

वैद्य_गुरांचे

फॉर्म बी छापायच्या कल्पनेला अनुमोदन. संशोधक कुरकुरतील की कल्पना चोरीला जाईल. पेपर येईपर्यंत झाकून ठेवा, पेपराबरोबर उघडा. त्यात कुणाचं काही जात नाही.

---

परागकण

मी माझ्या पुढच्या प्रयोगाची तशी आगाऊ नोंद करायला बघतेय. गाइडना विचारलं, ते म्हणाले 'कर, पण वेळ किती जाईल ते सांग.' नाही म्हणाले नाहीत.

---

फळा_खडू

मी निवृत्त शिक्षिका आहे, तालुक्याच्या गावी राहते. धागा दोनदा वाचला कारण मला त्याची गरज आहे. जवळच्या फार्मसी कॉलेजच्या समितीवर 'शास्त्रज्ञ नसलेली सभासद' म्हणून माझं नाव घेतलंय. पहिली बैठक पुढच्या आठवड्यात आहे. सहा अर्जांचा गठ्ठा घरी आलाय. भाषा कळत नाही असं नाही, पण मी तिथं काय विचारावं? सगळे डॉक्टर, प्राध्यापक. मी बोलले तर वेळ खाते असं नको वाटायला.

एका अर्जात सांधेदुखीवरच्या औषधासाठी फक्त नर उंदीर मागितलेत. सांधेदुखी तर आमच्या वयाच्या बायकांनाच जास्त. हे विचारलं तर बावळटपणाचं होईल का?

---

वैद्य_गुरांचे

बाई, हा त्या बैठकीतला सगळ्यात चांगला प्रश्न असेल. नक्की विचारा. तुमची खुर्ची कायद्यानं दिलेली आहे, वेळ तुमचाही आहे.

ते म्हणतील, माद्यांचं चक्र असतं, आकडे वरखाली होतात. ही समजूत जुनी आहे. २०१४ मध्ये २९३ पेपरांतले आकडे एकत्र करून पाहिलं, माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त हलत नाहीत.

---

मुळामुठा

डॉक्टरांना जोडून थोडं. वेदनेच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं आहे. २०१५ साली दिसलं की जुनाट वेदना नर उंदरांत मज्जारज्जूतल्या एका प्रकारच्या पेशींमुळे टिकते आणि माद्यांत त्या पेशी थांबवल्या तरी वेदना राहते, तिथं वाट वेगळी असते. म्हणजे फक्त नरांवर लागू पडलेलं औषध बायकांना लागू पडेलच असं नाही. अमेरिकेच्या सरकारी संस्थेनं २०१६ पासून अर्जदारांना नर-मादी दोन्हींचा विचार मांडायला सांगितलंय. झोपेच्या झोल्पिडेम गोळीचा बायकांचा डोस २०१३ मध्ये निम्मा करावा लागला होता, ती गोळी बाजारात येऊन वीस वर्षं झाल्यावर.

बाकीच्या पाच अर्जांत एवढंच बघा. गट सोडतीनं पाडणार का, मोजणाऱ्याला गट माहीत असेल का, प्राणी किती आणि तेवढेच का, आणि एखादा उंदीर किती आजारी झाला की प्रयोग त्याच्यापुरता थांबवणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अर्जात नसेल तर सही करू नका. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, तोंडी नकोत.

---

फळा_खडू

लिहून घेतलं सगळं. त्या सांधेदुखीच्या अर्जात शेवटचं नाहीच आहे, आता परत पाहिलं. आधी फोन करून अर्जदार मुलाशी बोलू का, की थेट बैठकीत विचारू?

---

वैद्य_गुरांचे

थेट बैठकीत विचारा, म्हणजे इतिवृत्तात येईल. पण त्या मुलाला आधी एक निरोप पाठवा की हे विचारणार आहे, तयारी करून ये. तो बिचारा विद्यार्थी असेल, कोंडीत पकडल्यासारखं नको. वजन किती टक्के घटलं, चालणं थांबलं, खाणं सुटलं, की प्राण्याला कसं आणि किती तासांत सोडवणार, हे त्यानं चार ओळींत लिहून आणलं तर त्याच बैठकीत अर्ज पुढं जाईल.